फाटकाबाहेरचं मडकं

त्या घरात मी खोली बघायला गेले ती जानेवारीतली संध्याकाळ होती, आणि मागच्या अंगणात माणसं उभी होती. काही उंच, काही बुटकी, दोघातिघांनी हात वर केलेले. सगळ्यांच्या अंगावर जुन्या सुती साड्या आणि डोक्यावर पांढरे पेले. कुणीच हलत नव्हतं. मी घरमालकिणीला म्हटलं, "मावशी, पाहुणे आलेत वाटतं, मी नंतर येते." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "ते इथंच असतात. आज पाणी गोठणार आहे म्हणून झाकलंय त्यांना. निवडुंगाचा शेंडा गोठला की संपलं. तू चहा घेणार का?"

ऊन म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, मी नागपूरची आहे. पण थंडीसाठी साड्या नेसलेले आणि शेंड्याशेंड्यावर थर्माकोलचे पेले घातलेले निवडुंग माझ्या बापजन्मात मी पाहिले नव्हते. चहा पिताना माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेरच होतं. वारा आला की साड्या फुगायच्या, आणि आत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटायचं. भाडं परवडणारं होतं आणि युनिव्हर्सिटीची बस कोपऱ्यावर थांबत होती, म्हणून मी हो म्हटलं. डिपार्टमेंटमधल्या मराठी पोरांना सांगितलं तर ती एकमेकांकडे बघायला लागली. "त्या काकूंकडे? बेस्ट ऑफ लक यार," एवढंच एकजण म्हणाला.

मावशी मूळच्या जळगावकडच्या. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला येऊन उभं आयुष्य गेलेलं. एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. ट्रॅक पँट, पायात जाड बूट, डोक्यावर काउबॉय घालतात तसली रुंद टोपी, आणि टोपीखाली ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मागच्या खिशात नेहमी एक फणी. ती केसांसाठी नव्हे. तिथे चोया नावाचा एक निवडुंग असतो, त्याचे काटेरी तुकडे नुसतं शेजारून गेलं तरी अंगाला चिकटतात. पहिल्याच आठवड्यात माझ्या पोटरीला एक चिकटला आणि मी घर डोक्यावर घेतलं. मावशींनी फणी काढली, एका झटक्यात तो तुकडा उडवला आणि माझ्यावरच डाफरल्या. "तो काही चालत आला नाही तुझ्याकडे. तू गेलीस त्याच्या अंगावर."

घर गावाच्या अगदी टोकाला. मागे भिंत, भिंतीत एक लोखंडी फाटक, आणि फाटकापलीकडे काहीच नाही. म्हणजे वाळूचा कोरडा ओढा, ज्याला तिथले लोक वॉश म्हणतात, आणि त्याच्या पलीकडे डोंगरापर्यंत नुसतं वाळवंट. भिंतीच्या आत मात्र मावशींनी मेथी, पालक, कोथिंबीर, गवती चहा, ओवा, खरबुजाचा वेल, असं काय काय लावलेलं. उन्हाळ्यात वाफ्यांवर त्याच जुन्या साड्या ताणून बांधायच्या. आणि निवडुंग तर विचारूच नका. फड्या निवडुंगाचे काटे काढून, बारीक चिरून, पीठ पेरून त्याची भाजी करायच्या, आणि महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणाला न सांगता घेऊन जायच्या. लोक सिमला मिरची समजून खायचे, वर रेसिपी मागायचे. रेसिपी कळली की त्यांचे चेहरे बघायला मावशी खास थांबून राहायच्या.

त्यांचं एकेक अजब होतं. निवडुंग उपटून दुसरीकडे लावायचा असेल तर आधी त्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला खडूने खूण करायची, आणि नव्या जागी तेच अंग दक्षिणेला ठेवायचं. नाहीतर कोवळी बाजू उन्हात येते आणि झाड भाजून निघतं. हे शास्त्र बरोबरच आहे. पण मावशी ते माणसांनाही लावायच्या. स्वयंपाकघरात मी पहिल्या दिवशी ज्या खुर्चीवर, ज्या दिशेला तोंड करून बसले, तिथेच पुढची सगळी वर्षं बसावं लागलं. एकदा मी गंमत म्हणून दुसरीकडे बसले तर त्यांनी भाकरी तव्यावर सोडून मला खांद्याला धरून उठवलं. "तोंड फिरवलं की भाजतं," म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

आणि माझ्या खोलीतली फळी. निवडुंगाची फांदी तोडली की ती लगेच मातीत लावत नाहीत, जखम सुकेपर्यंत सावलीत ठेवतात. घरात सगळ्यात सावली माझ्या खोलीत, म्हणून तोडलेल्या फांद्या माझ्या उशाच्या फळीवर. हिरवे, जाडजूड, मनगटापासून तोडलेले हात ओळीनं ठेवल्यासारख्या. ना माती, ना पाणी. महिनोन् महिने त्या तशाच पडलेल्या असायच्या, सुरकुतलेल्या. मी एक दिवस म्हटलं, "मावशी, ह्या मेल्या, टाकून देऊ का?" त्यांनी एक फांदी उचलून माझ्या नाकासमोर धरली. खालच्या सुकलेल्या जखमेतून पांढरी, दोऱ्याएवढी मुळं बाहेर आली होती आणि हवेतच चाचपडत होती. "कोरडं म्हणजे मेलेलं नसतं बाई," त्या म्हणाल्या. "ज्याला सवय आहे ते असं वर्षभरसुद्धा काढतं." त्या रात्रीपासून मी फळीकडे पाय करून झोपायला लागले.

पाणी त्या झाडांना कधी वरून घालत नसत. वाफ्यावाफ्यात साधी भाजक्या मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरलेली. मडक्यात पाणी भरायचं, तोंडावर झाकणी, झाकणीवर चपटा दगड. पाणी मडक्याच्या अंगातून पाझरतं आणि मुळं स्वतःहून मडक्यापाशी येतात. मी मृदाशास्त्रात पीएच.डी. करत होते, मातीत पाणी कसं चालतं हाच माझा विषय, त्यामुळे ही बाग मला प्रयोगशाळेपेक्षा आवडायची. संध्याकाळी आम्ही दोघी मडकी भरत फिरायचो. शेवटी मावशी भिंतीतलं फाटक उघडायच्या आणि बाहेर, वॉशच्या कडेला पुरलेलं एक मडकं भरायच्या. त्याच्याभोवती काही लावलेलं नव्हतं. नुसती वाळू होती.

त्याबद्दल मी बरेच दिवस विचारलं नाही. मग एकदा विचारलं. मावशी कोथिंबीर निवडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "ते ह्यांचं आहे."

काका रोज पहाटे वॉशमधून फिरायला जात. काही वर्षांपूर्वी जूनमधल्या एका सकाळी गेले आणि आले नाहीत. निघताना मावशींनी आतून विचारलं होतं, पाणी घेतलं का. घेतलंय, म्हणाले. ऊन चढल्यावर मावशी चहा करायला उठल्या तर पाण्याची भरलेली बाटली ओट्यावरच होती. मग पोलीस आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर फिरलं. चप्पल नाही, टोपी नाही, हाड नाही. शोधणारे परत गेले त्याच संध्याकाळी मावशींनी फाटकाबाहेर खड्डा खणून ते मडकं पुरलं, भरलं आणि वर दगड ठेवला. सकाळी बघितलं तर मडकं रिकामं, आणि दगड होता तिथेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी भरायचं आणि रोज सकाळी ते रिकामं असायचं.

"डुकरं पीत असतील मावशी. इथली रानडुकरं काय कमी आहेत."

"डुक्कर पाणी पिऊन झाकण लावतं का परत?"



मावशींपुढे प्रश्न एकच होता, काका आहेत की नाहीत. आणि तो दरवर्षी आखाजीला त्यांच्या गळ्याशी यायचा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या विदर्भात आणि त्यांच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, थंड पाणी, वर खरबूज ठेवायचं, पुरणपोळीचा घास द्यायचा. पितर वर्षाचं पाणी पिऊन जातात म्हणतात. मावशी सासू-सासऱ्यांच्या घागरी भरायच्या. शेजारी तिसरी घागर मांडायच्या, ती धुऊन पुसून, हळदकुंकवाची बोटं ओढून, आणि तशीच कोरडी ठेवायच्या. दिवसभर तिच्याभोवती घुटमळायच्या. "गेले असतील आणि मी घागर भरली नाही, तर इतक्या उन्हात ते तहानलेले. आणि असतील, आणि मी भरली, तर?" मग संध्याकाळी तिसरी घागर उचलून माळ्यावर. हे मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं. जिवंत माणसाच्या नावानं घागर भरायची नसते हे मलाही लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे हसायला काही आलं नाही.

त्यांचा मुलगा अ‍ॅशबर्नला, व्हर्जिनियात, कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये. मी त्याला दादा म्हणायचे. बिचारा भला माणूस, पण आईच्या काळजीनं टेकीला आलेला. आदल्या उन्हाळ्यात मावशी त्या मडक्यापाशीच चक्कर येऊन पडल्या होत्या, शेजारणीनं पाहिलं म्हणून वाचल्या. त्यानं एकदा फाटकावर कॅमेरा बसवला. मावशींनी दुसऱ्या दिवशी तो उतरवून त्याला कुरियरनं परत पाठवला. "खाणाऱ्या-पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये," एवढंच कारण. मग दादानं मला फोन केला. "हे जे चाललंय ना, इट्स नॉट हेल्दी. आई माझं ऐकत नाही. तू सायंटिस्ट आहेस, तू तिला प्रूव्ह करून दाखव ना की पाणी मातीतच जातंय. प्लीज."

मला ते पटलं. मी मावशींना सरळ सांगितलं की मला मडक्याभोवतीच्या वाळूचा ओलावा मोजायचा आहे. "माती बघ," म्हणाल्या, "माणूस बघू नकोस."

मी डिपार्टमेंटमधून ओलावा मोजायचे सेन्सर आणले. काही मेथीच्या मडक्याभोवती पुरले, काही फाटकाबाहेरच्या. मेथीचा आलेख पुस्तकातल्यासारखा आला, संध्याकाळी माती ओली, मग हळूहळू कोरडी. फाटकाबाहेरचा आलेख म्हणजे एक सरळ रेघ. वाळू कोरडी ठणठणीत. मडकं मात्र रोज सकाळी रिकामं. सेन्सर बिघडले असतील म्हणून मी त्यांची अदलाबदल केली. मेथी ओली, बाहेरची वाळू कोरडी.

शेवटी मी एक उत्तर काढलं. मडक्याच्या बुडाला तडा असेल, पाणी सरळ खाली निघून जात असेल, बाजूच्या सेन्सरला पत्ता लागत नसेल. उत्तर चांगलं होतं. माझ्या गाइडनंही मान डोलावली. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असेल बाई. तडा असेल." आणि बादली घेऊन फाटकाकडे गेल्या.

आता मावशी अ‍ॅशबर्नला मुलाकडे असतात. मी मध्ये तिथून जवळच, हर्नडनला एका मैत्रिणीकडे गेले होते, तेव्हा भेटून आले. अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोथिंबीर आणि पुदिना लावलाय, नातीच्या हातात छोटी प्लास्टिकची झारी देतात आणि वरून पाणी घालायला सांगतात. नात इंग्रजीत विचारते, मावशी मराठीत उत्तर देतात, दोघींचं बरं चाललंय. मी बसायला खुर्ची ओढली तर त्यांनी काही म्हटलं नाही. मी कुठेही बसले असते तरी चाललं असतं.

त्या तिथे का गेल्या, ते माझ्या शेवटच्या वर्षाच्या आखाजीचं आहे. माझी डिग्री संपत आली होती, मला मिशिगनला, ट्रॉयमध्ये नोकरी मिळाली होती. दादा आखाजीसाठी म्हणून आला होता, खरं म्हणजे आईला घेऊन जायला. मावशींचे गुडघे गेलेले, बादली उचलवत नव्हती, आणि मी गेल्यावर मडकं भरणार कोण, हे त्यांनी स्वतःच काढलं. दादा म्हणाला, "आई, इनफ ना आता." त्या त्याच्यावर चिडल्या नाहीत. पुरण वाटता वाटता म्हणाल्या, "भरते मी. पाणी इथंही नाही आणि तिथंही नाही, असं नको व्हायला ह्यांचं."

घरच्या वेलावरची खरबुजं अजून हिरवीच होती, म्हणून मी दुकानातून एक आणलं. मावशींनी तिसरी घागर मांडली. तिच्यात पाणी ओतताना दादानं त्यांच्या हाताला खालून आधार दिला. घागर भरली. वर खरबूज ठेवलं, घास दिला, तिघांनी नमस्कार केला. मला रडू आलं, आणि मला वाटलं, बरं झालं, सुटली बाई एकदाची. संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळी मडकी भरली. फाटकाबाहेरचंही भरलं, शेवटचं म्हणून.

सकाळी मावशींनी मला हाक मारली. आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेलं तर मारतात तसा. मी चपला घालून बाहेर गेले. फाटक उघडं होतं. मडक्यावरचा दगड त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं, आदल्या संध्याकाळी भरलं होतं तसंच. थेंबभरही उतरलं नव्हतं. पाण्यावर एक बारीकसं वाळलेलं पान तरंगत होतं.

मावशींनी कोपरापर्यंत हात आत घातला, बुडाशी चाचपलं आणि हात बाहेर काढला. "तू म्हणाली होतीस बुडाला तडा आहे."

"हो."

"मग तो बुजला का?"

तडा बुजत नाही. आणि तडा नसला तरी मातीचं मडकं कोरड्या वाळूत रात्रभर भरलेलं राहत नाही, वाळू पाणी ओढणारच. हे मी शिकलेय आणि आज दुसऱ्यांना शिकवते. मी सेन्सर वाचले. सरळ रेघ. "रात्री हवा दमट असेल," असं काहीतरी मी बोलले. टूसॉनमध्ये, मे महिन्यात. बोलताना मलाच लाज वाटली.

"काल सकाळपर्यंत होते गं हे," मावशी म्हणाल्या.

त्या उठल्या आणि गुडघे धरत, जमेल तितक्या घाईनं घरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी तिसरी घागर उचलली, खरबूज काढून फ्रिजमध्ये ठेवलं, पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. हळदकुंकवाची बोटं ओल्या फडक्यानं पुसली. आतून कोरड्या फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली. दादा झोपेतून उठून आला होता, दारात उभा राहून म्हणत होता, "आई, काय करतेस? आई, स्टॉप." त्यांनी घागर माळ्यावर नेऊन ठेवली, जणू या वर्षीही ती भरलीच नव्हती, आणि परत फाटकापाशी येऊन बसल्या. आणि ज्या बाईनं पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून कॅमेरा उतरवला होता, ती झाकण उघडं टाकून पाण्याकडे टक लावून बसली. ऊन चढलं. मी छत्री धरून उभी राहिले. पाणी तसंच होतं.

मी माझ्या विषयातलं सगळं आठवून पाहिलं. मला मनापासून हवं होतं की पाणी उतरावं. कशानंही उतरावं, डुकरानं प्यावं, तडा जावा, मडकं फुटावं. मी त्या मडक्याला लाथ घालणार होते, इतकं मला ते असह्य झालं. पण मावशी शेजारी होत्या.

मग त्या उठल्या. वॉशच्या वाळूत चार पावलं पुढे गेल्या, टोपी काढली, आणि त्यांनी काकांना नावानं हाक मारली. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, हे आणि ह्यांना यावरच सगळं निभायचं. माझ्यामागे दादा हुंदका देऊन रडायला लागला, कारण त्यानंही ते कधी ऐकलं नव्हतं. समोर नुसती पांढरी वाळू आणि हात वर केलेले निवडुंग. कुणी ओ दिली नाही. मावशी थोडा वेळ थांबल्या, मान जराशी तिरकी करून. मग त्यांनी परत हाक मारली, या खेपेला थोड्या रागानं, पान वाढून झाल्यावरही माणूस येत नाही तेव्हा मारतात तशी.